'एम्पायर'मधला बाप आधीच माहीत असेल तर काय उरतं?

चौथी_खिडकी (शनि, रात्री ११:४२)

रहस्यभेदाचा इशारा वगैरे देत नाहीये. सिनेमा १९८०चा आहे. एवढ्या वर्षांत ज्यांनी बघितला नाही त्यांनी आपल्या जबाबदारीवर पुढे वाचावं.

आज लेकीला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' दाखवला. वय वर्षं अकरा. 'स्टार वॉर्स'चा पहिला भाग दिवाळीच्या सुट्टीत दाखवला होता, तो तिला 'ठीक' वाटला होता, म्हणजे फारच आवडला होता. दुसऱ्यासाठी मी मुद्दाम सवड काढली. मला तो एक प्रसंग पडद्यावर नाही, तिच्या चेहऱ्यावर बघायचा होता. कुठला ते तुम्हाला कळलंच असेल.

सिनेमा सुरू व्हायच्या आधीच चिवड्याची वाटी मांडीवर घेत बाईसाहेब म्हणाल्या, "ह्यातच ना तो हेल्मेटवाला त्याचा बाबा निघतो?"

संपलं. शाळेच्या व्हॅनमध्ये म्हणे सगळ्यांना माहितीये. कुणाच्या तरी टीशर्टवर आहे. तेही चुकीचं वाक्य आहे, "ल्यूक, मी तुझा बाप आहे" असं. सिनेमात तो हेल्मेटवाला खलनायक, व्हेडर, नायक ल्यूकला "नाही, मी तुझा बाप आहे" म्हणतो, कारण ल्यूकने आत्ताच त्याच्यावर बापाच्या खुनाचा आरोप केलेला असतो. पण हे मी तिला कशाला सांगू? माझाच फुगा फुटला होता.

तरी लावला. आणि चिवडा तसाच राहिला.

मला पुन्हा बघताना जाणवलं ते असं. पहिल्या भागात सगळं वाढत जातं. वाळवंटातला एक पोरगा, मग एक म्हातारा, मग खटारा यान, मग राजकन्या, शेवटी विमानांचा ताफा आणि पदकं. ह्यात उलटं आहे. सगळ्यात मोठी लढाई पहिल्या अर्ध्या तासात उरकून टाकलीये, आणि तीही हरलेली. बर्फातून ते चार पायांचे अवाढव्य लोखंडी प्राणी येतात, बंडखोर पळ काढतात, आणि तिथून पुढे सिनेमा आटत जातो. सैन्याचे चौघं होतात, चौघांतला एक गोठवला जातो. शेवटी खोल विवरावर लटकणारा एक अरुंद पूल, वारा, आणि त्यावर दोनच माणसं. ह्या सिनेमाला सगळे 'काळोखा' म्हणतात ते हरण्यामुळे असेल, पण मला तो ह्या आटत जाण्यामुळे अंगावर येतो.

तर मुद्दा. तो क्षण आला, ती सोफ्याच्या कडेवर येऊन बसली होती, आणि दचकली नाही. वाक्य झालं, ल्यूक किंचाळला. आणि ही माझ्याकडे वळून रागाने म्हणाली, "पण ह्याला माहीत होतं ना? मग आधी सांगायचं. हात कशाला कापायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्नच पडला नव्हता. कारण मला धक्का बसला होता, आणि धक्का बसलेला माणूस हिशोब करत नाही. तिला धक्का बसला नाही, म्हणून 'हात आधी कापला आणि नातं नंतर सांगितलं' हा क्रम तिने बरोबर पकडला.

सांगा जाणकारहो. त्याला कधीपासून माहीत होतं? आणि माहीत होतं तर हात का कापला?

---

बिनसाखरेचा (शनि, रात्री ११:५८)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

तबकडीवाले_काका (रवि, सकाळी ७:१०)

पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारतो. कुठली आवृत्ती दाखवलीत?

कारण उत्तर त्यावर आहे. सध्या जी सगळीकडे मिळते ती २००४च्या डीव्हीडीपासून चालत आलेली. त्यात सम्राट व्हेडरला सांगतो की डेथ स्टार (साम्राज्याचं महाकाय अस्त्र) उडवणारा पोरगा हा ॲनाकिन स्कायवॉकरचाच (हे व्हेडरचंच जुनं नाव) मुलगा आहे, आणि व्हेडर विचारतो, हे कसं शक्य आहे? म्हणजे व्हेडरला सिनेमाच्या मध्यावर कळतं, किंवा कळल्याचं तो सोंग तरी घेतो.

१९८०च्या मूळ प्रतीत हे नाही. तिथे सम्राट फक्त म्हणतो की आपल्याला नवा शत्रू आहे, ल्यूक स्कायवॉकर. व्हेडर म्हणतो, हो. बास. कसलं आश्चर्य नाही, प्रश्न नाही. पुढे सम्राट 'स्कायवॉकरचा मुलगा जेडाय होता कामा नये' म्हणतो तेव्हा व्हेडर सुचवतो, त्याला आपल्याकडे वळवता आलं तर? तो अजून पोरगाच आहे, असंही मध्ये घालतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही डावपेचाची भाषा वाटते. दुसऱ्यांदा बघताना कळतं की बाप पोराचा जीव वाचवतोय आणि साहेबाला कळू देत नाहीये.

ती जागा २००४मध्ये घालवली. सम्राटही बदलला. मूळचा चेहरा एका म्हाताऱ्या नटीचा होता, त्यावर चिंपांझीचे डोळे बसवलेले, आणि आवाज क्लाइव्ह रेव्हिलचा. आता तिथे इयान मॅकडर्मिड आहे. नट उत्तम, तक्रार नाही. पण जुना सम्राट अर्धा मिनिट दिसायचा आणि आठ दिवस झोप यायची नाही.

---

चौथी_खिडकी (रवि, सकाळी ८:०२)

काका, नवीच दाखवली. जुनी कुठून आणू? म्हणजे माझ्या लेकीने बघितलेल्या सिनेमात त्याला मध्यावर कळतं, आणि मी लहानपणी बघितलेल्यात आधीपासून माहीत होतं. आम्ही दोघी एका सोफ्यावर बसून दोन वेगळे सिनेमे बघत होतो की.

---

गोदाकाठचा (रवि, सकाळी ९:३३)

दोन्हींतही हात कापायच्या आधी माहीत होतंच, त्यामुळे कन्येचा प्रश्न तसाच उभा आहे. :)

बाकी सगळे भारावून लिहितायत म्हणून एक काडी टाकतो, हलकेच घ्या. मला हा सिनेमा अर्धवट वाटतो. सुरुवात नाही, शेवट नाही. एक जण गोठलेला, एकाचा हात गेलेला, आणि सगळे खिडकीतून आकाशगंगा बघतायत, समाप्त. पुढचा भाग २५ मे १९८३ला आला. तीन वर्षं लोकांनी काय करायचं?

आणि ते वेळेचं गणित बघा. ल्यूकचा तस्कर मित्र हान, त्याचं यान अतिवेगाचं यंत्र बिघडल्यावर रखडत रखडत ढगांच्या शहरात पोचतं, त्या वेळात ल्यूक दलदलीत जेडाय विद्या शिकतो. हानचा प्रवास दोन-चार दिवसांचा दाखवला तर ल्यूक क्रॅश कोर्स करून आला. ल्यूकची साधना महिनोन्महिन्यांची म्हणावी तर हान आणि राजकन्या लेया त्या खटाऱ्यात इतके महिने काय खात होते?

---

बिनसाखरेचा (रवि, सकाळी ९:४०)

भांडत होते. भांडणारी माणसं कमी खातात.

---

तिरपागडी (रवि, सकाळी १०:२५)

गोदाकाठचा, गणित चुकलेलंच आहे, मान्य. पण त्या यानाबद्दल बोलू नका. हे यान चालू होत नाही हाच सिनेमाचा सगळा विनोद आहे आणि सगळी भीतीही. बर्फातून निघताना खटका ओढतात, नाही. उल्कांमधून बाहेर पडल्यावर पुन्हा ओढतात, नाही. ढगांच्या शहरातून पळताना तिथला प्रमुख लँडो ओढतो, आणि माझ्या माणसांनी दुरुस्त केलं होतं म्हणून कळवळतो. प्रत्येक वेळी तोच घरघर आवाज. ज्यांच्या घरी तिरकी करून किक मारायची स्कूटर होती त्यांना हा आवाज ओळखीचा आहे. शेवटी कळतं की यंत्र दुरुस्त होतं, साम्राज्याच्या लोकांनी ते नुसतं बंद करून ठेवलं होतं. आणि हे फक्त आर-टू ह्या यंत्रमानवाला माहीत, त्याचं कुणी ऐकत नाही. आमच्या ऑफिसात असे दोन आर-टू आहेत.

आता मुख्य प्रश्न, हात का कापला. काल रात्री धागा वाचून ते द्वंद्व परत लावलं, चार वेळा. बघा:

व्हेडर सुरुवातीला एका हाताने लढतो. दुसरा हात मोकळा. कंटाळलेल्या क्लासच्या सरांसारखा. त्याचा बेत कापाकापीचा नाहीच, ल्यूकला त्या कार्बनाइटच्या खड्ड्यात गोठवून सम्राटाकडे न्यायचा आहे. हानला गोठवला तो प्रयोग म्हणून, माणूस जगतो का बघायला. ल्यूक खड्ड्यातून उडी मारून सुटतो तेव्हा हा चक्क खूश होतो. मग जागेवर उभा राहून सामान फेकून मारतो. तलवारसुद्धा नीट उचलत नाही.

मग पुलावर ल्यूकचा एक वार त्याच्या खांद्यावर बसतो. ठिणग्या उडतात, व्हेडर ओरडतो. अख्ख्या सिनेमात त्याला लागल्याचं आपण पहिल्यांदाच ऐकतो. आणि त्यानंतर काही क्षणांतच ल्यूकचा हात गेलेला असतो.

बेत वगैरे काही नव्हता. लागलं, राग आला, कापला. आणि हात गेल्यावर सांगितलं, मी बाप.

---

चौथी_खिडकी (रवि, सकाळी ११:१५)

तिरपागडी, तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. आम्ही तेवढा भाग पुन्हा बघितला. खांद्याचा वार तिला आधी दिसलाच नव्हता, मलाही नाही.

बघून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे ह्याला लागलं म्हणून?" मग थोड्या वेळाने, "मोठा आहे ना तो?"

मी भाजी परतायला गेले.

---

जुनी_कॅसेट (रवि, दुपारी १२:५०)

ह्या धाग्यावर मला बोलायलाच हवं, कारण बाप-प्रकरण माहीत नसताना हा सिनेमा बघितलेला आणि तरीही तो धक्का न बसलेला मी बहुधा एकमेव प्राणी असेन.

साल १९८७. आखातातला काका सुट्टीवर आला. बरोबर व्हीसीआर, खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा आणि सात-आठ कॅसेटी. त्यात 'एम्पायर'. दुपारी अख्खी आळी आमच्या माजघरात. ल्यूक त्या निळ्या-केशरी धुराच्या खोलीत येतो, वर जिन्याच्या टोकाला व्हेडर उभा, तलवारी पेटल्या, आणि लाइट गेले. ते रात्रीपर्यंत आले नाहीत. कॅसेट तिथेच अडकली.

दुसऱ्या दिवशी धाकट्या आत्याच्या मुलाची मुंज. काकाने कॅमेरा काढला, कोरी कॅसेट मिळेना. विकत घेतलेल्या कॅसेटवर चुकून रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिच्या कडेची प्लॅस्टिकची खिट्टी मोडलेली असते, त्या जागी सेलोटेप चिकटवला की यंत्र फसतं. काकाने सेलोटेप लावला.

पुढची कित्येक वर्षं आमच्या घरच्या 'एम्पायर'चा शेवट असा होता: तलवारी पेटतात, व्हेडरचा श्वास, खर्रर्र, आडव्या रेघा, आणि आत्या बटूला मांडीवर घेऊन मातृभोजन भरवतेय. बाप राहिला बाजूला, आम्हाला आई दिसली.

मी ते इतक्या वेळा बघितलंय की व्हेडरचा श्वास ऐकला की मला अजून जिलबी आठवते.

बाप असल्याचं मला तिसऱ्या भागात कळलं. ल्यूकचा बुटका म्हातारा गुरू योडा मरायला टेकलाय, ल्यूक त्याला विचारतो की व्हेडर माझा बाप आहे का, आणि तो हो म्हणतो. थेटरात कुणी हूं की चूं केलं नाही. मी एकटा अर्धा उठून उभा. शेजारच्याने खाली ओढला.

---

बिनसाखरेचा (रवि, दुपारी १२:५९)

धागा इथेच बंद करा. ह्याच्यावर काही येणार नाही.

---

तबकडीवाले_काका (रवि, दुपारी १:२०)

जुनी_कॅसेट, दंडवत. मूळ आवृत्तीत केलेला हा एकमेव बदल मला मान्य आहे.

---

शब्दखोर (रवि, दुपारी ३:०५)

लोकांना माहीत नसणं ह्यावरून. हे गुपित राखायला त्यांनी काय केलं तेही भारी आहे. चित्रीकरणात व्हेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राउझ होता. त्याला दिलेल्या संवादात 'तुझ्या बापाला ओबी-वॅनने (ल्यूकचा पहिला गुरू, तोच बेन) मारलं' असं होतं, आणि तो सेटवर तेच बोलला. मार्क हॅमिलला खरं वाक्य दिग्दर्शक अर्व्हिन कर्शनरने शॉटच्या जरा आधी सांगितलं. म्हणजे पडद्यावर ल्यूक कळवळतोय ते कानावर पडलेल्या वाक्यावर नाही, मनातल्या वाक्यावर. आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, तो नंतर चढवला. जोन्सने पुढे सांगितलंय की वाक्य वाचून त्याला वाटलं, हा खोटं बोलतोय.

आणि ही कल्पना पहिल्यापासून नव्हती. पहिला खर्डा ली ब्रॅकेटचा. बाई जुन्या विज्ञानकथा मासिकांतल्या मोठ्या लेखिका, शिवाय हॉलिवुडमध्ये हॉवर्ड हॉक्ससाठी पटकथा लिहिलेल्या. त्यांच्या खर्ड्यात ल्यूकचा बाप वेगळा आहे, भूत होऊन येतो आणि मुलाशी सज्जनासारखा बोलतो. तो खर्डा देऊन मार्च १९७८मध्ये बाई वारल्या. मग जॉर्ज लुकसने स्वतः पुढचे खर्डे लिहिले, त्यांत बाप आणि व्हेडर एक झाले. नंतर लॉरेन्स कॅस्डनने संवादांवर हात फिरवला. तरी श्रेयनामावलीत ब्रॅकेटचं नाव ठेवलंय, ते मला फार आवडतं.

डच भाषेत 'vader' म्हणजे बाप, त्यावरून व्हेडर, म्हणून सगळं आधीच ठरलेलं होतं, ही पुडी कुणीतरी आता सोडेलच. ते नाव १९७४च्या खर्ड्यातही होतं आणि तिथे तो साधा सेनापती आहे.

---

गोदाकाठचा (रवि, दुपारी ३:३०)

मी सोडणारच होतो. हात आखडता घेतो. (ल्यूकसारखा.)

---

उदयोन्मुख_आजोबा (रवि, दुपारी ४:१२)

मला हे वाचताना उद्योगपर्व आठवलं. युद्धाआधी कृष्ण कर्णाला एकीकडे घेऊन सांगतो की तू कुंतीचा मुलगा, पांडवांत ज्येष्ठ, चल, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. व्हेडरही तेच देतो, दोघे मिळून आकाशगंगेवर राज्य करू. ल्यूक काहीच बोलत नाही, हात सोडून देतो आणि विवरात पडतो. जन्माचं गुपित आणि राज्याचं आमिष एकाच वाक्यात.

---

बिनसाखरेचा (रवि, दुपारी ४:१५)

महाभारत आलं. दुपारी तीनच्या आत येईल अशी माझी पैज होती, हरलो.

---

तिरपागडी (रवि, दुपारी ४:४०)

आजोबा, फरक आहे पण. कर्ण जिथे वाढला तिथलं ऋण सांगतो, राधेचं, अधिरथाचं, दुर्योधनाचं. त्याच्या नकारामागे मोठा हिशोब आहे. ल्यूककडे काहीच नाही. काका-काकू पहिल्याच भागात मेलेत, गुरूने खोटं सांगितलंय, हात गेलाय. त्याला नकार द्यायला कारण सुचत नाही आणि तरी तो देतो. मला ते जास्त आवडतं.

आणि 'गुरूने खोटं सांगितलं' ह्याबद्दल इथे कुणीच चिडलेलं दिसत नाही. मला व्हेडरपेक्षा ओबी-वॅनचा राग येतो. सुटून यानात पोचलेला ल्यूक पुन्हा पुन्हा हेच विचारतो, बेन, मला का नाही सांगितलंस? त्या सिनेमात त्याला उत्तर मिळत नाही.

---

रेवा_ओस्लो (रवि, संध्याकाळी ६:२०)

थोडं अवांतर, पण मला राहवत नाही. बर्फाचा तो होथ ग्रह म्हणजे फिन्से. नॉर्वेत ओस्लो ते बर्गन रेल्वेवर, समुद्रसपाटीपासून १२२२ मीटर. गावात मोटारीचा रस्ता जातच नाही, रेल्वेने या नाहीतर पायी किंवा सायकलने. आम्ही दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये उतरलो. स्टेशनच्या शेजारीच ते हॉटेल, मागे हार्डांगर्योकुलेन हिमनदी. ऊन होतं म्हणून नवरा हातमोजे काढून फोटो काढायला गेला. दोन फोटोंनंतर त्याला बटण दाबता येईना. फोन तापमान कमी आहे म्हणून आपोआप बंद झाला.

ते मार्च १९७९मध्ये आले तेव्हा मोठं वादळ सुरू होतं, पारा उणे २०च्याही बराच खाली. ठरलेल्या जागी पोचता येईना. मग कॅमेरा हॉटेलच्या दारातच लावला आणि हॅमिलला एकट्याला बाहेर बर्फात धाडलं. गुहेतून सुटलेला ल्यूक वादळात धडपडत चालतो तो प्रसंग असा काढलेला. पडद्यावर माणसाचं नामोनिशाण नसलेला ग्रह आणि कॅमेऱ्यामागे चार पावलांवर गरम सूप.

हॉटेलच्या त्या बाजूला मीही जाऊन उभी राहिले. वारा नव्हता, तरी डोळ्यांतून पाणी आलं, नुसत्या थंडीने.

---

चौथी_खिडकी (रवि, संध्याकाळी ७:०५)

रेवा, अवांतर कसलं, हे तर मला हवंच होतं. लेक विचारतेय की त्या चालणाऱ्या लोखंडी प्राण्यांचं काय, तेही तिथेच होते का.

---

रेवा_ओस्लो (रवि, संध्याकाळी ७:३०)

तिला सांग, ते टेबलावर होते, कॅलिफोर्नियात. छोटे नमुने. बर्फ म्हणून पांढरी भुकटी, मागे रंगवलेला पडदा. फिल टिपेट आणि त्याचे सहकारी पाय केसभर हलवायचे, एक चौकट घ्यायचे, पुन्हा केसभर. सेकंदाला २४ चौकटी. आणि त्याच सिनेमात उल्कांच्या गर्दीत एक बटाटा आहे म्हणतात. मी शोधलाय, सापडला नाही.

---

शब्दखोर (रवि, रात्री ८:४४)

आणि योडा. ह्या बाहुल्यावर सिनेमा उताणा पडला असता. साधारण दोन फूट उंचीचा रबरी म्हातारा नायकाला तत्त्वज्ञान सांगणार, आणि प्रेक्षक हसले की खेळ खलास. स्टुअर्ट फ्रीबॉर्नने चेहरा घडवला, थोडा स्वतःचा आणि थोडा आइनस्टाइनचा. हात घालून हलवणारा आणि आवाज देणारा फ्रँक ऑझ. ऑझला खाली बसता यावं म्हणून दलदलीचा सगळा सेट उचलून घेतला होता. हॅमिल चिखलात बसलाय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो माळ्यावर बसलाय आणि त्याच्या पायाखाली माणसं आडवी झालीयेत.

आपण अर्धवटरावाचा खेळ बघताना रामदास पाध्यांकडे न बघता बाहुल्याकडे बघतो ना, तेच. पण इथे हॅमिलचा वाटा मोठा. समोरच्या रबराकडे तो ज्या नजरेने बघतो, त्या नजरेमुळे आपण विश्वास ठेवतो.

आता माझा खरा प्रश्न. योडाचं मराठीत काय करायचं? इंग्रजीत तो शब्द मागेपुढे करतो म्हणून वेगळा वाटतो. मराठीत 'अधीर फार तू आहेस' म्हटलं तर कोकणातले कुठलेही आजोबा वाटतात. आपल्याकडे शब्द कुठेही ठेवले तरी वाक्य चालतं.

---

उदयोन्मुख_आजोबा (रवि, रात्री ९:०१)

जुनं महानुभावी गद्य वापरा. 'मग तेणें म्हणितलें: हा नव्हे, जी.' नऊशे वर्षांच्या माणसाला तेच शोभेल.

---

तिरपागडी (रवि, रात्री ९:१८)

नको हो. तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा ल्यूकचा डबा उचकटतो, त्याचा दिवा पळवतो आणि आर-टूला काठीने मारतो. तो गुरू आहे हे तेव्हा आपल्याला माहीत नसतं. हे म्हणितलें करत आला तर पहिल्याच वाक्याला कळेल.

मालवणी. कानाखाली वाजवतोय की आशीर्वाद देतोय ते शेवटपर्यंत कळत नाही.

---

शब्दखोर (रवि, रात्री ९:३२)

मालवणीला +१. आणि ह्या भागात तो सारखा उलटं बोलत नाही हेही लक्षात घ्या. गंभीर झाला की अनेकदा सरळ बोलतो. उलटसुलट बोलण्याचा अतिरेक नंतरच्या सिनेमांत झालाय.

---

गोदाकाठचा (रवि, रात्री १०:१०)

धागा योडाने पळवला. मूळ प्रश्नावर येतो, कारण काडी टाकून मी गेलो आणि नंतर मलाच चैन पडेना. संध्याकाळी मीही लावला.

बाप आधीच माहीत असेल तर काय उरतं? मला एक सापडलं. पिएट नावाचा अधिकारी आहे बघा. सुरुवातीला व्हेडर त्याच्या वरिष्ठाला पडद्यावरूनच गळा आवळून मारतो आणि तो माणूस तडफडत असताना ह्याला बढती देतो. पुढे नीडा नावाचा कप्तान चूक कबूल करायला येतो, त्यालाही मारतो. म्हणजे ह्या साहेबाकडे चुकलेला माणूस जिवंत राहत नाही हा नियम आपल्याला दोनदा शिकवलाय. मध्ये पिएट चुकून व्हेडरची उघडी टाळू बघतो, मागून, जखमांनी भरलेली. नजर खाली घालतो.

आता शेवट. हानचं यान निसटतं, पिएटच्या डोळ्यांसमोर. पिएट उभा आहे, चेहरा पांढरा. व्हेडर खिडकीतून बघतो. मग वळतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. मारत नाही.

पूर्वी मला वाटायचं, सिनेमा संपत आला म्हणून सोडला. आज कन्येचा प्रश्न डोक्यात होता म्हणून नीट बघितलं. तो माणूस आत्ताच पोराचा हात कापून आलाय, पोर त्याच्यासोबत येण्यापेक्षा विवरात पडलं. त्याच्यात आता गळा आवळायचीही ताकद नाही.

'अर्धवट' हा शब्द मागे घेतो. वेळेच्या गणितावर मात्र ठाम आहे.

---

तबकडीवाले_काका (रवि, रात्री १०:२२)

गोदाकाठचा, उत्तम. आणि हे दोन्ही आवृत्त्यांत शाबूत आहे.

---

चौथी_खिडकी (सोम, रात्री ९:४८)

काल झोपायच्या आधी तो पिएटचा शेवट दाखवला. तिने विचारलं, "सॉरी का नाही म्हणत मग?" मी म्हटलं, पुढच्या भागात बघू. ती म्हणाली, लगेच नको. शाळेच्या व्हॅनमध्ये तिसऱ्या भागाबद्दल कुणाला काही माहीत नाहीये म्हणे, आणि तिला ते तसंच ठेवायचंय. निदान परीक्षा होईपर्यंत.

तीन वर्षं नाही, तीन आठवडे. तेवढं मी थांबेन.

जुनी_कॅसेट, ती कॅसेट अजून आहे का हो?

---

जुनी_कॅसेट (मंगळ, सकाळी ८:१५)

तुम्ही विचारलंत म्हणून काल माळ्यावर चढलो. आहे. पांढरी बुरशी धरलीये, सेलोटेप पिवळा पडलाय, पण अजून चिकटलेला.

बटूला ह्या धाग्याचा दुवा पाठवला. तो आता दोन मुलांचा बाप आहे, बंगळूरला असतो. त्याला आजवर माहीतच नव्हतं की त्याच्या मुंजीची एकमेव कॅसेट म्हणजे ती. वीस मिनिटं फोनवर होता. आत्या गेल्यावर्षी गेली. तिचा आवाज असलेलं दुसरं काही नाही म्हणाला.

जुन्या कॅसेटी साफ करून संगणकावर घेणारं कुणी पुण्यात माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. व्हेडरचा भाग गेला तरी चालेल.